मागचं दार

ही गाडी आधी साखर कारखान्याची रुग्णवाहिका होती.
लिलावात घेतली, एक लाख दहा हजारांना,
सायरन काढून घेतलेला, बॅटरी मेलेली.
दोनदा रंग देऊनही कपाळावरची उलटी अक्षरं
उन्हं तिरकी झाली की वर येतात,
आणि कुंभार्ली घाटात ट्रकवाले
उगाचच बाजू देतात आम्हाला.
मी ओशाळतो. निमा काचेतून हात जोडते त्यांना.

शुक्रवारी बँक सुटली की आम्हीही सुटतो.
स्ट्रेचरच्या रुळांवर फळी, फळीवर गादी,
गादीखाली स्टोव्ह, तांदूळ, लसणाची चटणी.
सलाइनच्या आकड्याला केळ्यांचा घड,
चिपळूण येईपर्यंत डुलून डुलून पिकतो.
ऋजुता त्याच्याखाली आडवी पडून म्हणते,
बाबा, मला आता बरं वाटतंय.

खरं तर आम्ही फारसं काही बघत नाही.
हेदवीच्या बामणघळीपाशी अडीच तास भरतीची वाट बघितली,
पाणी उसळलं तेव्हा मी चहा आणायला गेलो होतो.
धोपाव्याच्या फेरीबोटीवर तिकीटवाल्यानं विचारलं,
आत कोण हाय?
निमा म्हणाली, कुणी नाही हो, फिरायला चाललोय.
त्याला ते पटलं नाही.
त्यानं आम्हाला सगळ्यांच्या पुढं लावलं.

गेल्या शनिवारी वेळणेश्वरात, सुरूंच्या बनाकडेला,
भागीरथी नाटेकरांच्या आवाठात गाडी लावली.
रात्रीचे शंभर, पाणी विहिरीचं, न्हाणी मागल्या अंगाला,
एवढं सांगून त्या गेल्या
आणि अर्ध्या तासानं परत आल्या, हातात काहीच नव्हतं.
गाडीभोवती फिरल्या.
मागच्या दाराशेजारच्या पोच्यावर बोट ठेवलं.
ह्यो आमच्या गडग्याचा, म्हणाल्या.
वळवताना लागलेली.
आमच्या विसूला ह्याच गाडीतनं आणलानी.

विसू कारखान्यात बॉयलरवर होता.
सात वर्षं झाली.

स्टोव्हवर भात रटरटत होता, निमानं तो बारीक केला.
ऋजुतानं पाय जवळ घेतले.
त्या आत चढल्या, फळीच्या कडेला टेकल्या,
आकड्याकडे बघितलं, केळ्यांकडे बघितलं.
काय बोलावं मला सुचेना, मी म्हणालो, केळं घ्या.
त्यांनी घेतलं.
सोलता सोलता म्हणाल्या,
गुहागर सोडल्यापासनं दर्या दिसतो की नाय वाटेत?
दिसतो, मी म्हणालो. मध्ये मध्ये.
दार बंद व्हता, त्या म्हणाल्या. काचा पांढऱ्या.

मग थोड्या वेळानं,
जशी बाई शेजारणीला पाट सरकवायला सांगते तसं,
जरा फिरवून लावा बघू.
तोंड गावाकडं करा.

चाक दोनदा पुळणीत रुतलं.
क्रिकेट खेळणारी पोरं आली, नारळाच्या झावळ्या घातल्या खाली,
एकानं विचारलं, काकू, पेशंट कोण?
कोणी उत्तर दिलं नाही.
त्या आतच बसून होत्या, गादीची कड धरून,
गाडी हलली की हलत.

मी मागचं दार उघडलं.
दोन्ही पाखं, पार मागं, कडीला दोरी बांधून.

ओहोटी होती. दाखवण्यासारखं काही नव्हतं तसं.
ओल्या वाळूचा लांबच लांब पट्टा,
एक कुत्रं,
आणि फार लांब, एकमेकांना न ओळखणारे
तीन-चार होड्यांचे दिवे.
भात लागल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही.
केळ्याची साल त्यांनी घडी घालून
ओच्यात खोचली.

सकाळी शंभर रुपये मात्र मोजून घेतले,
फाटकी नोट बदलून मागितली,
आणि सुरूच्या काटक्या चाकाखालून काढताना
माझ्यावर ओरडल्या, हळू, गडगा बघा.

परतीच्या घाटात ऋजुता म्हणत राहिली,
उघडं ठेवून जाऊया ना दार.
तसं जाता येत नाही, मी सांगितलं,
सामान पडतं, पोलीस धरतात, धूळ येते.
ती गप्प झाली.
घाटमाथ्यापर्यंत मागं कडी वाजत होती,
मी थांबून ती घट्ट केली नाही.